‘आदिवासी दवाखान्यात येतच नाहीत’ आणि असेच काही गैरसमज

आदिवासी भागातल्या बाळंतिणीच्या किंवा बाळाच्या मृत्यूची बातमी आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘हे लोक दवाखान्यात येतच नाहीत, आधी मांत्रिकाकडे जातात.’ वाक्य मोठं सोयीचं आहे. ते एकदा उच्चारलं की नसलेला पूल, बंद पडलेली रुग्णवाहिका आणि डॉक्टरांची रिकामी पदं या सगळ्यांची सुटका होते.

लोक का येत नाहीत हे कुणी त्यांनाच विचारलं तर? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी नेमकं हेच विचारलं. लोकांची कारणं साधी होती. मोठ्या इमारतीत बावरायला होतं. आजाऱ्याला आत ठेवतात आणि घरच्यांना बाहेर काढतात. डॉक्टर-नर्सचे पांढरे कपडे पाहून धास्ती वाटते, कारण पांढरं कापड प्रेतावर घालतात. यात अडाणीपणा कुठे आहे? मुंबईतल्या माणसालाही आपल्या आईला एकटीला आयसीयूत सोडताना हेच वाटतं. ‘सर्च’च्या शोधग्राम या परिसरातला दवाखाना मग एखाद्या आदिवासी गावासारखा बांधला गेला. झोपडीवजा खोल्यांमध्ये रुग्णाबरोबर घरच्यांनाही राहता येऊ लागलं. त्याला नाव मिळालं लोकांच्या देवीचं : माँ दंतेश्वरी दवाखाना.

मांत्रिकाचं म्हणाल, तर मेळघाटात कोरकू कुटुंबं भुमकाकडे, म्हणजे पारंपरिक वैदूकडे, जातात हे खरंच आहे. तो गावात असतो, त्यांच्या भाषेत बोलतो आणि रात्रीही भेटतो. त्याला शत्रू ठरवून फार काही साधत नाही. तिथल्या आरोग्य यंत्रणेनेही भुमकांनाच हाताशी धरून, त्यांच्यामार्फत रुग्ण दवाखान्यात पाठवण्याचा मार्ग धरला.

अंतराचा प्रश्न तर श्रद्धेपेक्षा कितीतरी मोठा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो. कळा सुरू झाल्यावर निघालेली बाई अशा वेळी पोचणार कशी? म्हणून राज्यात ‘माहेरघर’ योजना आली. गरोदर बाईने बाळंतपणाच्या तारखेआधी काही दिवस आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं, सोबत धाकटं मूल आणि घरचं एक माणूस. घरी लेकरू रडत असताना कुठलीही आई आठवडाभर आधी निघणार नाही, हे ज्याला सुचलं त्याला दाद द्यायला हवी.

दुसरा समज असा की आदिवासींचे आजार म्हणजे मलेरिया आणि कुपोषण, बाकी रानातली हवा उत्तम. केंद्र सरकारने नेमलेल्या, डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार मलेरियाचा भार भयंकर आहेच : लोकसंख्येत आदिवासी ८.६ टक्के, पण देशातल्या मलेरियाच्या मृत्यूंत त्यांचा वाटा सुमारे निम्मा. मात्र त्याच अहवालात दर चार आदिवासी प्रौढांमागे एकाला उच्च रक्तदाब असल्याचंही नोंदलं आहे. गडचिरोलीतल्या ८६ गावांच्या एका अभ्यासात (ही सगळी गावं आदिवासींची नव्हेत) मृत्यूचं सर्वांत मोठं कारण निघालं पक्षाघात. दर सात मृत्यूंमागे एक. आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या महिनोन् महिने नियमित मिळणं हे तापाच्या गोळ्यांइतकंच निकडीचं आहे.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराबद्दलही गोंधळ आहे. तो संसर्गाने होत नाही आणि फक्त आदिवासींनाच होतो असंही नाही. विदर्भात तो इतर समाजांतही आढळतो. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. आईवडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता २५ टक्के असते.

‘शहरातले तज्ज्ञ पाठवा, प्रश्न सुटेल’ हे अर्धसत्य. ‘सर्च’ने ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, अगदी जंतुसंसर्गावर इंजेक्शन द्यायलाही. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि २०११ पासून देशभरातल्या ‘आशा’ आरोग्यसेविका घरोघरी जाऊन नवजात बाळांची तपासणी करू लागल्या. अर्थात सिझेरियन आणि रक्ताची पिशवी झोपडीत मिळत नाही. त्यासाठी रुग्णालयच लागतं. निलगिरीतल्या गुडलूरचं आदिवासी रुग्णालय दोन्ही टोकं जोडतं : तिथे शस्त्रक्रिया होतात आणि वॉर्डात आदिवासी समाजातूनच आलेल्या, तिथेच शिकून तयार झालेल्या नर्स असतात.

शेवटचा समज, की हा सगळा जंगलातला प्रश्न आहे. बंग समितीच्याच अहवालानुसार देशातले निम्म्याहून अधिक आदिवासी आदिवासीबहुल तालुक्यांच्या बाहेर राहतात. ते नागपूर, नाशिक आणि ठाण्याच्या सरकारी रुग्णालयांतही केसपेपरच्या रांगेत उभे असतात. तिथे माडिया, गोंडी, कोरकू किंवा भिली बोलणारा एक पगारी मदतनीस खिडकीशी बसवायला नवी इमारत लागत नाही. जिल्हा आणि महापालिका रुग्णालयांनी एवढी एक नेमणूक तरी यंदा करावी.