सरकारी नोकरी सोडून... चाचेगिरी!

इतकी वर्षं सरकारी नोकरी. ठरलेला एरिया, ठरलेली गस्त. मग रिटायरमेंट. अशा वेळी लोक गावाला घर बांधतात, नाहीतर चारधामचं बुकिंग करतात. हिनं काय केलं? अंगाला काळा रंग फासला, कवटीचा झेंडा लावला आणि थेट अंटार्क्टिका गाठलं!

ही म्हणजे 'वेस्ट्रा'. 1975 साली स्कॉटलंडच्या अ‍ॅबरडीनमध्ये बांधलेली, 59 मीटर लांबीची गस्तीची बोट. चोरटी मासेमारी पकडणं हा तिचा जॉब. 2006 मध्ये 'सी शेफर्ड' या संघटनेनं ती विकत घेतली आणि पुढच्या वर्षाअखेर तिचं नाव पडलं 'स्टीव्ह आयर्विन'. हो, तोच! खाकी हाफपँटमधला, मगरींशी पंगा घेणारा, 2006 मध्ये स्टिंगरेचा काटा छातीत घुसून गेलेला.

जपानी जहाजं तेव्हा 'संशोधना'च्या नावाखाली व्हेल मारायची. (संशोधन संपलं की मांस बाजारात. काय लॅब आहे!) 'निशिन मारू' या फॅक्टरी-जहाजाच्या मागच्या बाजूला एक उतार होता. मारलेला व्हेल तिथूनच वर ओढायचा. आयर्विनची आयडिया सिंपल होती: त्या उताराच्या मागे गोचिडासारखं चिकटून राहायचं. व्हेल वर चढवताच येणार नसेल, तर मारून करणार काय? शिवाय पंख्यात अडकवायला दोर आणि डेकवर फेकायला ब्युटिरिक अ‍ॅसिडच्या बाटल्या. वास अगदी नासक्या लोण्याचा!

बोटीवर बहुतेक सगळे व्हॉलंटियर. पगार शून्य, जेवण पक्कं व्हीगन. खाली बर्फासारखं पाणी आणि बोटीचं बूड बर्फासाठी बनलेलंच नाही. 2009 मध्ये तर एका जपानी हार्पून-जहाजाशी तिची टक्करही झाली. टीव्हीवर 'व्हेल वॉर्स' बघताना हे थ्रिलिंग वाटायचं, पण त्यात कुणाचाही जीव गेला असता. जपानी खलाशांचाही, आणि ते बिचारे आपल्यासारखेच नोकरदार. 2013 मध्ये अमेरिकेतल्या एका अपील कोर्टानं सी शेफर्डला चक्क चाचे ठरवलं. मला विचाराल तर बाटल्या फेकणं नाहीच पटत. ते मागे चिकटून राहणं मात्र मानलं!

कारण रिझल्ट दिसला. 2010-11 च्या मोसमात टार्गेट होतं साडेआठशेच्या आसपास मिंके व्हेलचं. आयर्विन आणि तिच्या जोडीदार बोटींनी इतकं हैराण केलं, की जपाननं फेब्रुवारीतच मोहीम गुंडाळली. हाती लागले 172 व्हेल. 2014 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानंही सांगितलं, की ही शिकार संशोधनासाठी नाही. 2019 मध्ये जपान आंतरराष्ट्रीय व्हेलिंग कमिशनमधूनच बाहेर पडला आणि अंटार्क्टिका सोडून स्वतःच्या समुद्रात उघड उघड धंद्यासाठी शिकार करू लागला.

आयर्विन तोवर थकली होती. 2018 मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तिनं दुसऱ्यांदा रिटायरमेंट घेतली.