विणतां विणतां ऐकण्याच्या गोष्टी

हातांत सुया आणि कानांत गोष्ट, हा विश्रांतीचा प्रकार आमच्या सक्करदऱ्याकडे थंडीच्या दिवसांत आतां पुष्कळ घरीं दिसतो. मोबाईलवर ध्वनिमुद्रित पुस्तक लावावें व स्वेटर घेऊन उन्हाला बसावें, एवढीच ही रीत. कित्येकांस ती आळसाची वाटते. आम्हांस ती जुनी व शहाणपणाची वाटते.

वाचणाराचे डोळे व हात दोन्ही पुस्तकांत गुंततात. ऐकणाराचे हात मोकळे राहतात. सुलट-उलट टाक्यांची सवय झालेल्या बोटांस मनाची फारशी गरज उरत नाहीं, आणि बोटें चालत असलीं म्हणजे मनही उगाच भटकत नाहीं. मात्र नमुना व पुस्तक यांची जोड पाहून घ्यावी. साधा मफलर असेल तर कितीही पात्रांची कादंबरी चालते. क्रोशाच्या गोल रुमालास प्रत्येक फेरींत साखळ्या व खांब मोजावे लागतात. त्यास पूर्वीं एकदां ऐकलेली गोष्टच बरी. स्वेटरच्या बगलेचे टाके कमी करितांना तर मोबाईल बंदच ठेवावा.

आमच्या भाषेंत कानानें ग्रंथ घेण्याची चाल जुनी आहे. जात्यावर बसलेल्या बायकांनीं ओव्या गाइल्या. फादर स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं गोव्यांत राचोल येथें छापलें गेलें. तेंही ओवीबद्ध, म्हणजे मंडळीपुढें म्हणण्याजोगें. जॉन बनियनची गोष्ट तर विणणारांस आपलीच वाटावी. १६६० पासून बारा वर्षें तो बेडफर्डच्या तुरुंगांत होता, आणि तेथें कुटुंबाच्या पोटासाठीं नाड्यांस धातूचीं टोकें बसविण्याचें काम करी. त्याचा ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ १६७८ सालीं निघाला व १८४१ सालीं हरि केशवजी यांनीं तो ‘यात्रिकक्रमण’ या नांवानें मराठींत आणिला. पाठीवर ओझें घेतलेला एक मनुष्य वाट चालतो, एकेका मुक्कामास एकेक जण भेटतो. मध्यें चहास उठलें तरी धागा तुटत नाहीं.

पण आमच्या मतें मराठी विणणारांनीं पहिल्यानें ऐकावें तें बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’. १८५७ सालच्या या पुस्तकास पुष्कळ अभ्यासक मराठींतील पहिली कादंबरी मानितात. यमुना पतीबरोबर प्रवास करिते, वाटेंत विधवांची दुःखें पाहते, ऐकते, आणि पुढें तीच स्थिति तिच्यावर येते. ऐकावयास ही रचना फार सोयीची, कारण एकेका विधवेची हकीकत एकेका बैठकींत पुरी होते. उपदेशाचे परिच्छेद लांब आहेत हें खरें; तेथें सुया अधिक वेगानें चालतात, इतकेंच! परंतु ज्या स्त्रियांविषयीं हें पुस्तक लिहिलें, त्यांपैकीं बहुतेकींस त्या काळीं अक्षरओळख नव्हती. आपलें दुःख कोणी छापिलें आहे, हें त्यांस दुसऱ्यानें वाचून दाखविल्यावांचून कळणेंच शक्य नव्हतें. आज आमच्या आज्या-मावश्यांस अक्षर येतें, पण मोतीबिंदूमुळें तें दिसत नाहीं. टाके त्या बोटांनीं चांचपून मोजूं शकतात. पुस्तकाचें पान चांचपून वाचतां येत नाहीं.

म्हणून वरच्या वर्गांतील मुलामुलींस आमची विनंति आहे. लिब्रिव्हॉक्स नांवाची एक संस्था २००५ पासून स्वयंसेवकांकडून स्वामित्वहक्क संपलेलीं पुस्तकें वाचून घेत आहे. बाबा पदमनजी १९०६ सालीं वारले. आपल्या देशांत लेखकाच्या मरणानंतर साठ वर्षें हक्क चालतो, तेव्हां ‘यमुनापर्यटन’ वाचण्यास कोणाची परवानगी नको. आपल्या घरच्या आजीसाठीं तें वाचावें. आधीं एकदां मनांत वाचून जुन्या शब्दांचे अर्थ पाहून ठेवावे. नाटकी आवाज काढूं नये. आजीस गोष्ट ऐकावयाची आहे, वाचणाराचें कौशल्य नव्हे. वीस मिनिटांहून मोठा भाग एका वेळीं घेऊं नये, घसा बसतो. आणि मुद्रणाच्या वेळीं पंखा बंद असावा, नाहींतर त्याची घरघर प्रत्येक वाक्यामागें ऐकूं येते. नागपुरांत हें नाताळच्या सुटींतच साधेल.