शून्याचे शेजारी

नाताळच्या सुट्टीत नेवऱ्यांचं ताट पुढ्यात घेऊन माझ्या मावसभावाने मला कागदावर एक चाक काढून दाखवलं. दादा दर महिन्याला बेळगावहून पणजीला जातो, मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर. "अगं, जवळजवळ निम्मे आकडे आपले. हरायचं कसं?" मावशी स्वयंपाकघरातून ऐकत होती. बोलली काहीच नाही.

त्याच्या डावाचं फ्रेंच नाव 'व्वाझँ द्यू झेरो', म्हणजे शून्याचे शेजारी. रुलेटच्या युरोपियन चाकावर ० ते ३६ असे ३७ आकडे असतात, पण क्रमाने नाही. शून्याच्या एका बाजूला ३२, तर दुसऱ्या बाजूला २६. २२ पासून २५ पर्यंतच्या त्या कमानीत शून्य धरून १७ आकडे येतात. टेबलावर मात्र आकडे क्रमाने असल्यामुळे हे शेजारी विखुरतात. सगळ्यांवर पैसे लावायला ९ चकत्या लागतात: ०-२-३ या तिघांवर मिळून दोन, २५-२६-२८-२९ या चौकोनावर दोन, आणि ४-७, १२-१५, १८-२१, १९-२२, ३२-३५ या जोड्यांवर एकेक.

आता हिशेब बघा. जोडी लागली तर त्या चकतीवर १७ मिळतात, बाकीच्या ८ जातात, नफा ९. चौकोनावर एका चकतीला ८, म्हणजे दोनांच्या १६, त्यातून ७ गेल्या. नफा पुन्हा ९. तिघांतला आकडा आला तर २२ मिळतात, ७ जातात, नफा १५.

समजा, ३७ वेळा चाक फिरलं आणि प्रत्येक आकडा एकदाच आला. चौदा वेळा ९ म्हणजे १२६, तीन वेळा १५ म्हणजे ४५; एकूण कमाई १७१. उरलेल्या वीस वेळा ९ जातात, म्हणजे १८०. नऊ चकत्यांचा तोटा!

कारण साधं आहे. कॅसिनो पैसे देतो ते ३६ आकडे असल्यासारखे, आणि चाकावर असतात ३७. चकत्या कशाही मांडा, लावलेल्या पैशातला सरासरी सदतिसावा भाग जातोच. १७ आकड्यांनी आपण जास्त वेळा जिंकतो खरे, पण पैसेही जास्त लावतो.

दस्तयेवस्कीच्या १८६६ च्या 'द गॅम्बलर' कादंबरीतली आजी याच शून्यावर पैसे लावून आधी जिंकते. मग परत जाते, आणि जिंकलेलं तर घालवतेच, वर जवळचंही. वर्गात वाचताना मला ती गंमतीदार वाटली होती. त्या दिवशी नाही वाटली.

हा सगळा हिशेब मी दादाच्याच चाकाखाली मांडला. त्याने दोनदा बेरीज तपासली. "पण मागच्या वेळी मी जिंकलो होतो," तो म्हणाला.

"आणि त्याच्या आधी?" आतून मावशीने विचारलं.

दादाने उत्तर दिलं नाही. कागदाची घडी करून खिशात मात्र ठेवली.

यंदा मी एकवीसची झाले. गोव्यात कॅसिनोत शिरायचं वय तेच. आपल्या वर्गातले पुष्कळजण यंदा एकवीसचे होतील. कुणी 'निम्मे आकडे आपले' म्हणालं, तर कागद-पेन मागा. पाच मिनिटांची बेरीज आहे.