पेशवाईच्या खर्चाने उभे राहिलेले ‘पूना हॉर्स’

भारतीय लष्कराच्या चिलखती दलाला आजवर दोन परमवीर चक्रे मिळाली आणि ती दोन्ही एकाच रेजिमेंटच्या वाट्याला आली. ती रेजिमेंट म्हणजे ‘द पूना हॉर्स’. मराठा लाइट इन्फन्ट्री आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे, कारण गावागावातली मुले तिच्यात भरती झाली. पूना हॉर्सचे जवान प्रामुख्याने उत्तर भारतातले, त्यामुळे पुण्याचे नाव दोनशेहून अधिक वर्षे लावणाऱ्या या रेजिमेंटची पुण्यातच फारशी ओळख उरलेली नाही. ही मला मोठी उणीव वाटते. या रेजिमेंटचा जन्मच मुळी आपल्या इतिहासातल्या एका दुखऱ्या जागी झाला आहे.

१८१५ मध्ये कंपनीच्या हमीवर आलेल्या बडोद्याच्या गायकवाडांच्या वकिलाचा, गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा, पंढरपुरात खून झाला. संशय पेशव्याच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर होता आणि रेसिडेंट एल्फिन्स्टनला दुसऱ्या बाजीरावाला कोंडीत पकडायला तेवढे निमित्त पुरले. जून १८१७ मध्ये पेशव्यावर नवा तह लादला गेला. ५,००० घोडदळ आणि ३,००० पायदळ यांचा खर्च निघेल एवढा मुलूख त्याने कंपनीला तोडून द्यायचा आणि त्या पैशातून कंपनीने आपल्या अधिकाऱ्यांखाली फौज उभारायची, असा करार झाला. त्यातून निघालेले घोडदळ म्हणजे ‘पूना ऑक्झिलरी हॉर्स’.

सहाच महिन्यांत हे स्वार पेशव्याच्याच फौजेसमोर उभे होते. १ जानेवारी १८१८ ची कोरेगाव भीमाची लढाई आपल्याला तिथल्या जयस्तंभामुळे आणि त्यावर नावे असलेल्या महार सैनिकांमुळे माहीत आहे. शिरूरहून रात्रभर चालून आलेल्या कॅप्टन स्टाँटनच्या त्या तुकडीत पूना ऑक्झिलरी हॉर्सचे अडीचशेच्या वर स्वारही होते. दिवसभर अन्नपाण्यावाचून झुंजलेल्यांत तेही होते. रेजिमेंटच्या युद्धसन्मानांत ‘कोरेगाव’ आहे.

फौज कंपनीची झाली, पण तिची घडण मराठी वळणाची राहिली. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येतो आणि बारगीर दुसऱ्याच्या घोड्यावर बसतो, ही पद्धत इंग्रजांनी आपल्या हिंदी रिसाल्यांत तशीच उचलली. स्वाराला ठरलेला पगार मिळे. घोडा, खोगीर, दाणावैरण यांचा भार त्याच्या किंवा रेजिमेंटच्या सामाईक फंडाच्या माथी असे. सरकारला हे स्वस्त पडे आणि घोड्यात स्वतःचा पैसा गुंतलेला असल्यामुळे स्वार त्याला जिवापाड जपे. मात्र पहिल्या महायुद्धात घोडे इतक्या संख्येने मेले की, त्यांची भरपाई कोणत्याही फंडाच्या आवाक्यात राहिली नाही. युद्ध संपल्यावर ही पद्धत मोडीत निघाली.

पूना हॉर्सचे दुसरे मूळ मुंबई इलाख्याच्या ‘थर्ड बॉम्बे लाइट कॅव्हलरी’त आहे. हे दोन्ही रिसाले ८ फेब्रुवारी १८५७ रोजी इराणात खुशाबच्या मैदानावर होते. इराणशी चाललेल्या युद्धात कंपनीच्या फौजेचा सेनापती होता आउट्रम. इराणी पायदळाने चौकोनी व्यूह रचून चारही बाजूंनी संगिनी रोखल्या होत्या. असा व्यूह घोडदळाला फुटत नाही, हा त्या काळच्या युद्धशास्त्रातला पक्का समज होता. तरी थर्ड कॅव्हलरी त्यावर तुटून पडली. लेफ्टनंट मूरने घोडा थेट संगिनींवर घातला. घोडा जागीच मेला, मूर खाली आला आणि त्याची तलवार मोडली. माल्कमसन नावाचा दुसरा लेफ्टनंट गर्दीतून वाट काढत मागे फिरला, त्याने मूरला आपली रिकीब धरायला दिली आणि ओढत बाहेर आणले. व्यूह फुटला होता. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पूना हॉर्सने तिथे एक इराणी निशाण जिंकले. त्याच्या टोकावर चांदीचा पंजा आहे, आपल्याकडे मोहरमच्या मिरवणुकीत असतो तसा. हा पंजा रेजिमेंटचा मानबिंदू ठरला. १९२१ मध्ये हे दोन्ही रिसाले एकत्र करण्यात आले.

त्याआधी १९१४ च्या हिवाळ्यात पूना हॉर्सचे स्वार फ्रान्सच्या चिखलात घोड्यावरून उतरून खंदकांत लढले. फेस्तुबेरजवळ २४ नोव्हेंबरला गाजवलेल्या शौर्याबद्दल लेफ्टनंट फ्रँक डी पासला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला, पण तो मरणोत्तर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घोडे गेले आणि चिलखती गाड्या आल्या. ‘हॉर्स’ हे नाव मात्र राहिले.

१९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात रेजिमेंटचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर यांच्याकडे होते. मुंबईत जन्मलेले आणि पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेत शिकलेले हे पारशी गृहस्थ. सियालकोट आघाडीवर ११ सप्टेंबरला फिलोराच्या लढाईत ते जखमी झाले. मागे जायला त्यांनी नकार दिला आणि त्याच अवस्थेत वझीरवाली, जस्सोरान, बुतुर-डोग्रांडी अशी एकेक चढाई केली. १६ सप्टेंबरला त्यांचा रणगाडा पेटला आणि ते कामी आले. परमवीर चक्राच्या मानपत्रात शत्रूचे सुमारे ६० रणगाडे नष्ट झाल्याची आणि आपले ९ गमावल्याची नोंद आहे. सेनापतीने पुढे राहायचे म्हणजे काय, ते या सहा दिवसांत दिसते.

बरोबर सहा वर्षे आणि तीन महिन्यांनी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, शकरगढ भागात बसंतर नदीपलीकडे याच रेजिमेंटची पुन्हा कसोटी लागली. तेव्हा नेतृत्व लेफ्टनंट कर्नल हनुत सिंग यांच्याकडे होते. नदीपलीकडच्या पायदळाला रणगाड्यांची तातडीने गरज होती आणि भूसुरुंगांतली वाट अजून पूर्ण मोकळी झालेली नव्हती. हनुत सिंगांनी थांबायचे नाही असे ठरवले. अंधारात, तशा जमिनीवरून रणगाडे पलीकडे गेले. सकाळी पाकिस्तानी रणगाड्यांचे हल्ले सुरू झाले. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल एकवीस वर्षांचे होते, जन्म पुण्याचा. नगरला त्यांचा यंग ऑफिसर्स कोर्स चालू होता, तो अर्धवट सोडून ते आघाडीवर आले होते. त्यांच्या ‘फामागुस्ता’ या सेंच्युरियन रणगाड्याने आग धरली. वायरलेसवर रणगाडा सोडण्याचा हुकूम आला. तोफ अजून चालते आहे, असे सांगून ते लढत राहिले. त्या झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे गेले, त्यांपैकी चार खेत्रपालांनी उडवले. पुढचा गोळा त्यांचा प्राण घेऊन गेला. त्याच दिवशी ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या. देशाच्या लक्षात ढाका राहिले, पण पश्चिमेकडे त्या सकाळी काय मोजावे लागले याचीही आठवण असायला हवी.

फामागुस्ता आज नगरला, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये आहे. कोर्स अर्धवट टाकून खेत्रपाल जिथून निघाले, त्याच गावी. नगरला १९९४ पासून रणगाडा संग्रहालयही आहे. भुईकोट किल्ला आणि चांदबिबीचा महाल पाहायला जाल, तेव्हा दोन तास त्यालाही द्या. मुलांना सोबत न्या, आणि सेंच्युरियनपाशी उभे राहून तारापोर आणि खेत्रपाल ही दोन नावे त्यांना सांगा.