हिंदुरावाला कोणी पाडलं?

बारामतीहून इंदापूरला कधी गेलायत? थंडीत जा. भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन... रस्ताभर उसानं गच्च भरलेल्या ट्रॉल्या, लांबून दिसणारी कारखान्याची चिमणी आणि बंद काचेतूनही आत घुसणारा मळीचा वास. मैत्रिणीच्या गावी चाललो होतो आणि एका ट्रॉलीमागे अर्धा तास अडकलो. तेव्हा एकच माणूस डोळ्यांसमोर आला. हिंदुराव धोंडे पाटील!

म्हणजे 'सामना'तले निळू फुले हो! पटकथा विजय तेंडुलकरांची, मास्तर झालेत श्रीराम लागू आणि डायरेक्टर जब्बार पटेल, ज्यांनी इथं शेजारीच, दौंडमध्ये डॉक्टरकी केली. १९७५ साली हा सिनेमा थेट बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. त्यातलं गाव काल्पनिक, पण ऊसपट्ट्यातल्या कुणालाही ते परकं वाटणार नाही.

स्टोरी माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. हिंदुराव म्हणजे साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. गावात एक फाटका, दारुडा मास्तर येऊन पडतो. हिंदुराव त्याला घरी आणतो, खाऊ-पिऊ घालतो, आपला सगळा पसारा फिरून दाखवतो. मग मास्तरच्या कानावर एक नाव पडतं, मारुती कांबळे. फौजेतून गावी आलेला आणि एक दिवस नाहीसा झालेला माणूस. त्याचं झालं काय, एवढंच मास्तर विचारत सुटतो. आणि त्या एका प्रश्नानं हिंदुरावाचं साम्राज्य खाली येतं.

आता गंमत बघा. ना विरोधी पार्टी, ना इलेक्शन. आपल्याला पाडणारा माणूस हिंदुरावानं स्वतःच घरात आणला! का?

मला वाटतं, त्याला प्रेक्षक हवा होता. गावातले सगळे माना डोलावणारे, त्यांच्या कौतुकाला चव उरली नव्हती. बाहेरच्या शिकल्यासवरल्या माणसानं 'वा!' म्हणायला हवं होतं. शिवाय खात्री होती, की आपलं मीठ खाल्लेला माणूस आपल्याला प्रश्न विचारणार नाही. त्याला गुन्हा पचला होता, गर्व पचला नाही.

बारामतीला ही गोष्ट नवी नाही. अठराव्या शतकात कवी मोरोपंतांनी याच गावात राहून आर्या रचल्या, अख्खं महाभारत मराठीत आणलं. त्यातला कर्ण आठवा. दाता म्हणून नाव इतकं प्यारं, की कवचकुंडलंसुद्धा काढून दिली. माणूस ज्याचा तोरा मिरवतो, तिथंच घसरतो.

गाडीत हे सगळं ऐकून मैत्रीण गप्प झाली. हिंजवडीत टीम लीड आहे ती. थोड्या वेळानं म्हणाली, ''अगं, सहा महिन्यांत माझ्या टीममधल्या एकानंही मला 'नाही' म्हटलेलं नाही. मला वाटत होतं, मी बॉस म्हणून भारी आहे!''

मी हसले, पण माझीही बाजू फार उजळ नव्हती. मागे एका रिसॉर्टच्या खर्चानं दोन दिवस राहून आले होते. तिथल्या जुन्या वस्तीचं काय झालं, हा प्रश्न तोंडावर आला होता. जेवण मस्त होतं. विचारला नाही. मास्तर हिंदुरावाची दारू प्यायला आणि तरीही विचारत राहिला. व्यसन त्यालाही होतंच की! पण मिंधेपण नव्हतं.

ट्रॉली अखेर कारखान्याकडे वळली. रस्ता मोकळा झाला.

या वीकएण्डला 'सामना' बघा. जमलं तर बॉससोबत. आणि बॉस तुम्हीच असाल, तर टीमला बोलवा. सिनेमा संपल्यावर मात्र आपण काही बोलायचं नाही. त्यांना बोलू द्यायचं.