हंगेरीचा फसलेला पक्षबदल, 1942 ते 1944

मार्च 1942 मध्ये मिक्लोश कालाय हंगेरीचे पंतप्रधान झाले, तेव्हा देश जर्मनीच्या बाजूने रशियाविरुद्धच्या युद्धात पुरता अडकला होता. जानेवारी 1943 मध्ये डॉन नदीकाठी सुमारे दोन लाखांच्या हंगेरियन सेनेची वाताहत झाली. जर्मनी हरणार, हे कालाय यांनी ओळखले आणि तटस्थ देशांतून ब्रिटन-अमेरिकेकडे निरोप जाऊ लागले.

हे निरोप नेणारे एक दूत होते नोबेल विजेते शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी. व्याख्यानाच्या निमित्ताने इस्तंबूलला जाऊन ते ब्रिटिशांशी बोलले. जर्मनांना याचा सुगावा लागलाच. एप्रिलमध्ये हिटलरने राज्यप्रमुख होर्टी यांना ऑस्ट्रियातील क्लेसहाइम राजवाड्यात बोलावून कालाय यांना काढून टाकण्याचा आग्रह धरला. होर्टी बधले नाहीत.

8 सप्टेंबर 1943 रोजी इटलीची शरणागती जाहीर झाली. दुसऱ्याच रात्री मार्मारा समुद्रात एका नौकेवर ब्रिटिश राजदूत नॅचबुल-ह्युगेसेन यांनी हंगेरीच्या परराष्ट्र खात्यातील तरुण अधिकारी लास्लो वेरेश यांच्यापुढे अटी ठेवल्या. शरणागती बिनशर्त, मात्र दोस्तांच्या फौजा सीमेवर पोहोचेपर्यंत ती गुप्त ठेवायची. मेख इथेच होती. कालाय यांना रशियनांच्या नव्हे, ब्रिटिश-अमेरिकनांच्या स्वाधीन व्हायचे होते, आणि त्या फौजा तर बाल्कनकडे फिरकणारच नव्हत्या. वर्षअखेरीस दोस्तांच्या तेहरान परिषदेत फ्रान्सवरील चढाईवर शिक्कामोर्तब झाले.

हिटलर मात्र थांबला नाही. 18 मार्च 1944 रोजी होर्टी पुन्हा क्लेसहाइमला असतानाच त्याने स्वारीचा निर्णय सुनावला. 19 तारखेला जर्मन सैन्य हंगेरीत शिरले. कालाय यांनी तुर्की वकिलातीत आश्रय घेतला. ज्यूविरोधी कायदे हंगेरीत आधीपासून होते, पण ज्यूंना जर्मनांच्या हवाली करण्यास कालाय यांनी नकार दिला होता. ती आडकाठी गेली आणि मेच्या मध्यापासून 9 जुलैपर्यंत सुमारे 4,37,000 ज्यूंची रवानगी झाली, त्यातल्या बहुतेकांची आउश्वित्झला.

23 ऑगस्टला शेजारच्या, जर्मनीच्याच बाजूने लढणाऱ्या रुमानियाचे राजे मिहाय यांनी हुकूमशहा आंतोनेस्कू यांना राजवाड्यातच अटक करवली आणि देशाने बाजू बदलली. आता होर्टीही त्याच वाटेने निघाले. त्यांच्या दूतांनी 11 ऑक्टोबरला मॉस्कोत शस्त्रसंधीच्या प्राथमिक करारावर सही केली. 15 तारखेला रेडिओवरून शस्त्रसंधीची घोषणा झाली. पण त्याच सकाळी जर्मन कमांडोंनी होर्टी यांच्या मुलाला पळवले होते. सैन्याचीही नीट पूर्वतयारी नव्हती. होर्टी यांना घोषणा मागे घ्यावी लागली, सत्ता सालाशी यांच्या जर्मनधार्जिण्या अॅरो क्रॉस पक्षाकडे गेली आणि रशियन फौजांनी राजधानी बुडापेस्टला घातलेला वेढा 13 फेब्रुवारी 1945 पर्यंत चालला. 1947 च्या पॅरिस तहात, युद्धकाळात हंगेरीकडे असलेला उत्तर ट्रान्सिल्व्हानिया वेळीच बाजू बदललेल्या रुमानियाला परत मिळाला.