चित्र काढून पीएचडी?

ब्रिटनमध्ये होते. तिथल्या स्टुडिओ-आधारित पीएचडीत चित्रं, शिल्पं किंवा व्हिडिओ ही प्रबंधाची सजावट नसते, तीच संशोधनाची पद्धत असते. प्रबंधही लिहावा लागतोच. मात्र एरवीच्या ८० हजारांच्या आसपास शब्दांऐवजी अनेक ठिकाणी ३० ते ४० हजारांत भागतं. पूर्णवेळ मुदत तीन-चार वर्षं. शेवटी परीक्षक काम पाहतात, प्रबंध वाचतात आणि तोंडी परीक्षा घेतात. खरी कसोटी तिथे. ‘चित्र सुरेख आहे’ एवढ्यावर सुटका नाही. या कामातून असं काय कळलं जे आधी ठाऊक नव्हतं, हे पटवून द्यावं लागतं.

कलानिर्मितीला संशोधन मानायचं का, या चर्चेला चौकट दिली ती लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधल्या क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी. १९९३ च्या निबंधात त्यांनी कलेविषयीचं, कलेतून होणारं आणि कलेसाठीचं, असे संशोधनाचे तीन प्रकार मांडले. (तिसरा सर्वांत अवघड, हे त्यांनाही मान्य होतं.)

अमेरिकेचा सूर निराळा. कॉलेज आर्ट असोसिएशनच्या १९७७ च्या निकषांनुसार स्टुडिओकलेची अंतिम, म्हणजे सर्वोच्च पदवी एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स), पीएचडी नव्हे.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये किंवा बडोद्यात कलेची पदव्युत्तर पदवी घेऊन ब्रिटनकडे पाहणाऱ्यांनी पोर्टफोलिओइतकीच मेहनत संशोधन-आराखड्यावर घ्यावी. प्रश्न धूसर असेल, तर देखणा पोर्टफोलिओही फारसा कामी येत नाही. शिवाय परदेशी विद्यार्थ्यांची फी स्थानिकांपेक्षा बरीच जास्त असते. शिष्यवृत्तीची शोधाशोध आधी, अर्ज नंतर.